हौदातले जीव आणि पिंपातले डास

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या लालबागच्या इमारतीत एका आठवड्यात चार घरांत ताप आला. त्यातले एक घर आमचे. थोरल्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा दुपारी थंडीने कुडकुडायचा, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, आणि संध्याकाळी घामाने भिजून गाढ झोपायचा. भाभीने आधी पावसात भिजण्याला दोष दिला, मग शाळेच्या डब्याला. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मलेरिया निघाला.

तिसऱ्या दिवशी महापालिकेचे दोन कर्मचारी आले. एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात लांब दांड्याची पांढरी पळी. घराघरातली पिंपे, फ्रिजमागचा ट्रे, खिडकीतल्या मनी प्लांटच्या बाटल्या पाहून ते गच्चीवर गेले. टाकीचे झाकण फुटून वर्ष झाले होते. त्यावर प्लायवूडचा तुकडा आणि दोन विटा ठेवून आम्ही सगळे निश्चिंत होतो. त्यांनी पळी बुडवून वर काढली आणि आमच्यापुढे धरली. पाणी काचेसारखे स्वच्छ, आणि त्यात तांदळाच्या कणीहून बारीक दहा-बारा अळ्या पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडलेल्या. ‘आडव्या तरंगतात त्या मलेरियाच्या डासाच्या,’ ते म्हणाले. ‘डेंग्यूच्या असत्या तर डोके खाली करून लटकल्या असत्या.’ चार घरांच्या तापाचे उत्तर आमच्याच डोक्यावर, आम्ही रोज पितो त्या पाण्यात होते.

पोरगा अल्हम्दुलिल्लाह बरा झाला. महिन्याभराने जुम्याला आम्ही त्याला शेख मेमन स्ट्रीटच्या जामा मशिदीत घेऊन गेलो. वजूसाठी हौदाच्या पायऱ्यांवर बसल्यावर तो हात न धुता पाण्याकडेच पाहत राहिला. हिरवट पाणी, त्यात मासे, कडेला एक कासव. मग म्हणाला, ‘चाचा, टाकीत एवढंसं पाणी होतं तरी डास झाले. इथं एवढं पाणी आहे, उघडं आहे, मग इथं का नाही?’

‘मासे खातात’ असे उत्तर देऊन आम्ही सुटलो. पण ते अर्धेच उत्तर होते. बाकीचे शोधताना आम्ही फार लांब गेलो, आणि पुन्हा फिरून मुंबईतच आलो.

ज्यांनी ही मशीद पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिचे काम १७७५ मध्ये सुरू झाले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. आधीपासून तिथे असलेला तलाव न बुजवता त्याच्यावरच मशीद उभी केली. पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानी सगळा भार पेलतात. तलावाला जमिनीतल्या झऱ्यांचे पाणी येते. कोकणी मुसलमानांना या मशिदीचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण आम्हाला वाटते, तिच्या हौदाचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही. कारण दक्षिण मुंबईत पाणी शिल्लक असलेले असे जुने तलाव आता बोटांवर मोजण्याइतके आहेत.

बाकीच्यांची फक्त नावे उरली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, खारा तलाव, बाबुला टँक, दो टाकी. आपण रोज ही नावे घेतो, पत्त्यात लिहितो, टॅक्सीवाल्याला सांगतो, आणि त्यात पाणी होते हे आठवतही नाही. गिरगावच्या वाड्यांत, दादर-परळच्या बागांत विहिरी होत्या. विहारचे पाणी नळाने १८६० मध्ये आले. त्याआधी साऱ्या बेटाची तहान या तलावांवर आणि विहिरींवर भागायची. आणि या पाण्यात माणसांखेरीज आणखी कोण कोण राहत होते, हे एका डॉक्टरने बारकाईने पाहून ठेवले आहे.

त्यांचे नाव हेन्री जॉन कार्टर. कंपनी सरकारच्या नोकरीत ते मुंबईत डॉक्टर होते. (याच शहरात पुढे काही वर्षे दुसरे एक डॉक्टर कार्टर होते, हेन्री व्हँडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या पुस्तकातली चित्रे त्यांची. दोघांची गल्लत पुष्कळ लोक करतात, आमचीही झाली.) १८४७ च्या सुमारास पहिले कार्टर मुंबईच्या तलावांच्या काठाशी दगडांना आणि काटक्यांना चिकटलेले बुळबुळीत गोळे खरवडून घरी नेऊ लागले. कुणी पांढरे, कुणी राखाडी, कुणी हिरवे. लोकांना ते शेवाळ वाटायचे. ते होते गोड्या पाण्यातले स्पंज.

स्पंज वनस्पती की प्राणी, यावर तेव्हा युरोपात विद्वानांत वाद चालू होता. कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की या गोळ्याच्या पेशी सरपटतात, पाणी आत ओढतात, पाण्यातले कण गिळतात. १८४९ मध्ये त्यांनी मुंबई बेटावरच्या स्पंजांचे सविस्तर वर्णन छापले आणि त्यात काही नव्या जातींना नावे दिली. पुढे १८६३ मध्ये बोवरबँक नावाच्या अभ्यासकाने त्यातल्या एका जातीला कार्टर यांचेच नाव दिले, स्पंजिला कार्टेरी. आशियातल्या अनेक देशांतल्या तळ्यांत ती सापडते. तिची पहिली ओळख मात्र जगाला मुंबईच्या तलावातून झाली.

या स्पंजाला ना तोंड, ना पोट, ना डोळे. अंगभर छिद्रे. दिवसभर त्यांतून पाणी आत घ्यायचे, त्यातले जिवाणू आणि बारीक कण ठेवून घ्यायचे आणि पाणी बाहेर सोडायचे. म्हणजे एका अर्थी तलावाची गाळणीच. उन्हाळ्यात तलाव आटला की गोळा मरून भुसा होतो, पण मागे बारीक कडक दाणे सोडून जातो. ते दाणे कोरड्या चिखलात पडून राहतात, वाऱ्याने उडतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी मिळाले की फुटून पुन्हा स्पंज तयार होतो. मृत दिसणाऱ्या जमिनीतून जीव उठवणाऱ्याची कुदरत पाहायला लांब जावे लागत नाही, धोबी तलावाच्या काठावर बसले तरी चालले असते. आता तिथे बसायला तलाव नाही.

कार्टर यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती आमच्या घराशी येऊन भिडते. मुंबईतल्या एका शाळेची पन्नास मुले एका ठरावीक तळ्यात अंघोळ करत. वर्षभरात त्यांतल्या एकवीस मुलांना नारू झाला. दुसऱ्या ठिकाणी अंघोळ करणाऱ्या शाळांतली मुले बहुतेक वाचली. तळ्याच्या गाळात बारीक कृमी बुजबुजलेले होते. कार्टर यांना वाटले, हेच ते, कातडीतून आत शिरतात. इथे ते चुकले. पण रोग तळ्यात आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

आमच्या मरहूम दादींच्या घोट्यावर एक जुना वण होता. त्यांचे माहेर घाटावर. लहानपणी आम्ही विचारले की त्या म्हणायच्या, ‘इथून दोरा निघाला होता.’ आम्हाला ती गोष्ट वाटायची. दोरा खराच होता. नारूची मादी दोन-तीन फूट लांब असते, शेवयीसारखी. ती पायाला फोड आणून बाहेर येते, तेव्हा निखारा ठेवल्यासारखी आग होते. तिला ओढून काढता येत नाही, तुटली तर पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी बाहेर काढायची, दिवसचे दिवस. यावर आजही ना लस आहे, ना औषध. घराण्यातल्या सगळ्यांना दादींची एक सवय माहीत होती. नळाला मलमलीचे फडके बांधल्याशिवाय त्या माठ भरू द्यायच्या नाहीत. मुंबईचे पाणी गाळून येते असे अब्बा कितीदा सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि फडके बांधायच्या.

त्या फडक्याचे मर्म समजायला बुखाऱ्याला जावे लागते. इब्न सीना यांचा जन्म ९८० मध्ये बुखाऱ्याजवळच झाला. त्यांनी आपल्या ‘कानून’ या वैद्यकाच्या ग्रंथात नारूचे वर्णन केले आहे. त्याला ते मदिन्याची शीर म्हणतात, कारण तिकडे तो फार दिसे. आज विज्ञानातही या कृमीच्या नावात मदिना आहे. खुद्द बुखाऱ्यातही नारू घरोघर होता. शहरात दगडी पायऱ्यांचे हौद होते. लोक पायऱ्या उतरून तिथेच हातपाय धूत आणि तिथूनच पिण्याचे पाणी भरत. १८७० च्या सुमारास फेदचेन्को हे रशियन अभ्यासक त्या मुलखात गेले आणि कोडे सुटले. नारू झालेल्या माणसाने आग शमवायला पाय पाण्यात बुडवला की मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडते. ती पिल्ले स्वतः माणसात शिरू शकत नाहीत. त्यांना आधी सायक्लॉप्स नावाच्या जीवाने गिळावे लागते. त्याच्या पोटात सुमारे दोन आठवडे वाढल्यावर, पाण्याबरोबर तो सायक्लॉप्स आपल्या पोटात गेला, की वर्षभराने आपल्या पायाला फोड.

सायक्लॉप्स हा झिंग्याच्या लांबच्या नात्यातला, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा ठिपका. डोक्यावर मधोमध एकच डोळा, म्हणून ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचे नाव. झटके देत पोहतो. मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लटकतात. आणि तो मलमलीच्या दुहेरी फडक्यातून जात नाही. दादींना सायक्लॉप्स हा शब्द ठाऊक नव्हता. फडके ठाऊक होते.

बुखाऱ्याचे हौद पुढे सोव्हिएत काळात उपसून बुजवले गेले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला नारू संपला. लब-ए-हौजसारखे मोजके हौद आज पाहायला मिळतात. आपल्या देशात मोहीम १९८० च्या दशकात सुरू झाली. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. पायऱ्यांच्या विहिरींचे रूप बदलले, हातपंप बसवले, गावोगाव पाणी गाळायची फडकी वाटली, सायक्लॉप्स मारायचे औषध विहिरींत टाकले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. १९८६ मध्ये जगात सुमारे पस्तीस लाख लोकांना हा रोग होत असे. २०२३ मध्ये सगळे मिळून चौदा रुग्ण. या कामामागे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची संस्था होती. म्हणजे या कथेतले हे तिसरे कार्टर.

आता डासाकडे. इथेही आमचा परिसर मध्ये येतोच. १९०१ मध्ये ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, एका डासाचे वर्णन केले. त्याचे नाव अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी. हेच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. ती प्रयोगशाळा म्हणजे आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. १९११ मध्ये बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाची चौकशी करून अहवाल दिला. मुंबईत मलेरिया पसरवणारा डास दलदलीत नाही तर भरवस्तीतल्या विहिरींत, टाक्यांत, कारंज्यांत वाढतो, आणि तो हाच स्टीफेन्सी आहे, असे त्यांनी दाखवले. महापालिकेने विहिरी बुजवायला, नाहीतर घट्ट झाकायला सांगितले. शहरात मोठी खळबळ उडाली. पारशी, हिंदू, मुसलमान, सगळ्यांना धर्मकृत्यांसाठी आणि रोजच्या वापरासाठी ते पाणी हवे होते. कुठे विहीर बुजली, कुठे झाकणात जाळीचे दार बसवून तडजोड झाली. रोग खरा होता, आणि लोकांचे मनही खरे होते. त्या वेळच्या अधिकाऱ्यांना नुसते उद्धट किंवा लोकांना नुसते अडाणी म्हणणे आम्हाला पटत नाही.

पण आमच्या पुतण्याचा प्रश्न तसाच राहतो. पाण्यात डास होतात, मग साऱ्याच पाण्यात का होत नाहीत?

जुने, मोठे, जिवंत पाणी म्हणजे एक मोहल्लाच असतो. त्यात हिरवे शेवाळ वाढते. ते खायला सायक्लॉप्स आणि पाण्यातल्या पिसवा येतात. त्यांना खायला चतुराची पिल्ले येतात. पावसाळ्यानंतर लालबाग-परळच्या मैदानांवर जे पिवळसर चतुर थव्याने घिरट्या घालतात, ते काही आठवड्यांपूर्वी पाण्याखाली होते. पिल्लाचा खालचा जबडा दुमडलेल्या हातासारखा असतो, तो क्षणात पुढे फेकून ते डासाची अळी पकडते. (याच पिवळ्या चतुरांचे थवे पुढे मालदीववरून समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात, असे अभ्यासकांचे मत आहे. आपल्या कोकणी खलाशांनाही हेवा वाटावा.) पाठीवर उलटे पोहणारे किडे असतात, तेही अळ्या खातात. वर मासे. अशा मोहल्ल्यात डासाच्या मादीने अंडी घातली तरी त्यांतून डास होऊन उडणारे थोडे.

गच्चीवरची टाकी, गॅलरीतले पिंप, ताडपत्रीतला खळगा, टाकून दिलेला थर्माकोलचा डबा, यांत पाणी आहे पण मोहल्ला नाही. शत्रूच नाही. चतुराच्या पिल्लाला वाढायला महिना-दीड महिना लागतो, डासाला आठ-दहा दिवस पुरतात. तेवढ्यात तो वाढून उडून जातो. म्हणजे आपण तलाव बुजवले, आणि त्याजागी प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक मोरीत राखणदार नसलेली हजारो छोटी तळी उभी केली. स्टीफेन्सीचे अधिकच फावले. २०१२ मध्ये तो समुद्रापार जिबूतीत सापडला, मग इथिओपियात, सुदानात, सोमालियात. आफ्रिकेतला जुना मलेरिया मुख्यतः खेड्यांचा. हा पाहुणा शहरातल्या टाक्यांत वाढतो.

गंमत पाहा, ज्या सायक्लॉप्सने नारू पसरवला त्याचेच भाईबंद डासाच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्याही खातात. व्हिएतनाममध्ये लोकांनी पाण्याच्या रांजणांत मुद्दाम त्यांतल्या मोठ्या जाती सोडल्या आणि अनेक गावांतून डेंग्यूचा डास नाहीसा केला. तिथे नारू नाही म्हणून ते चालले. एकच जीव एका पाण्यात वैरी, दुसऱ्यात पहारेकरी. आम्ही हे वाचले तेव्हा दादींची आठवण झाली. त्यांना हे सांगितले असते तर त्यांनी फडके सोडले नसतेच.

एक शंका काही वाचकांच्या मनात येईल, म्हणून लिहितो. एवढे किडे असलेल्या पाण्यात वजू कसा? हा प्रश्न फिकहच्या जुन्या ग्रंथांत आलेला आहे. हनफींकडे दहा हात लांब, दहा हात रुंद हौदाचे माप सांगतात, आपल्या शाफईंकडे दोन कुल्ल्यांचे. आणि ज्या जीवात वाहते रक्त नाही, तो पाण्यात मेला म्हणून पाणी नापाक होत नाही. डास, माशी, किडे यांत आले. मसला सांगणे आमचे काम नाही, तो आपल्या इमामसाहेबांना विचारावा. मात्र वजूचे पाणी आणि पिण्याचे पाणी यांत गल्लत करू नये. हौदाचे पाणी पिऊ नये, चूळ भरताना मुलांनी गिळू नये.

हे सगळे आम्हाला नुसत्या हौसेपोटी लिहावेसे वाटले नाही. आमच्या ओळखीच्या एका मशिदीत यंदा हौद बुजवून तिथे नळांची रांग बसवायचा विचार निघाला. कारण सांगितले डासांचे. बुजुर्गांना हौद हवा होता, तरुणांना नळ, आणि दोन्ही बाजूंचा आवाज चढला होता. आम्ही कमिटीला इतकेच सुचवले की बुजवण्याआधी पळी बुडवून पाहा. महापालिकेच्या माणसाला बोलावले. हौदात एकही अळी सापडली नाही, गप्पी मासे भरपूर होते. अळ्या सापडल्या त्या हौदाच्या मागे ठेवलेल्या जुन्या रंगाच्या डब्यांत आणि वरच्या टाकीत. कमिटीने वृद्धांसाठी सहा नळ बसवले, टाकीला नवे झाकण केले, हौद ठेवला. पुढच्या वर्षी काय करतील ते त्यांचे ते जाणोत. हौदाची निगा खर्चाची आहे, गाळ काढावा लागतो, साबण पडू देऊन चालत नाही, आणि माणसे आहेत तिथे कंटाळा आहेच.

आमच्या इमारतीचेही झाकण आता लोखंडी आहे, हवेच्या नळीला बारीक जाळी आहे. दर शुक्रवारी सकाळी भाभी पिंप रिकामे करून घासून पालथे घालते. फ्रिजच्या ट्रेची जबाबदारी पुतण्याची. आठवड्यातून एकदा कोरडे झाले की अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही.

त्याच्या बदल्यात त्याने एक मागणी मान्य करून घेतली. बागेतल्या तळ्यातले पाणी त्याने लोणच्याच्या बरणीत भरून आणले आहे. सकाळच्या उन्हात बरणी धरली की पांढरे ठिपके झटके देत वर-खाली करताना दिसतात. भिंगातून त्याने पहिल्यांदा अंड्यांच्या दोन पिशव्या पाहिल्या तेव्हा सगळ्या मजल्याला बोलावले. अम्मींनी बरणी आठवडाभर ठेवायची परवानगी दिली, पण एका अटीवर. तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधायचे. फडके त्यांनी कपाटातून स्वतः काढून दिले. ते दादींचे होते.